चायुक, साखलाक आणि ईस्टर

अलास्कात शिकवायला निघाले, तेव्हा ज्यानं त्यानं पेंग्विनबद्दल विचारलं. अरे, पेंग्विन पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला! इथे आहेत ते यूपिक लोक, सामन मासा आणि कुस्कोक्विम नदी. जवळचं 'शहर' बेथेल, पण बाहेरून तिथेही रस्ता येत नाही. विमान, बोट, नाहीतर हिवाळ्यात गोठलेली नदी. तोच आमचा हायवे!

ईस्टर येतो तो या हायवेच्या शेवटच्या दिवसांत. गावातलं चर्च रशियन ऑर्थोडॉक्स, त्यामुळे कॅलेंडर वेगळं. 2024मध्ये इतरांचा ईस्टर 31 मार्चला झाला, यांचा थेट 5 मेला. मेमध्ये बर्फाचा भरवसा काय? पाहुणे येणार की नाही, हे नदी ठरवते. 2025मध्ये मात्र दोन्ही ईस्टर 20 एप्रिललाच आले आणि शेजारच्या गावांतून स्नोमशीनवर बसून माणसंच माणसं!

1867पर्यंत अलास्का रशियाकडे होतं. मग अमेरिकेनं ते विकत घेतलं. झार गेला, चर्च राहिलं. शब्दही राहिले. यूपिकमध्ये चहाला म्हणतात 'चायुक' आणि साखरेला 'साखलाक'. रशियन साखर आणि आपली साखर, दोघींची आजी एकच, संस्कृत शर्करा. घरापासून इतक्या लांब चहा-साखर ओळखीची निघाली की काय बरं वाटतं म्हणून सांगू!

मध्यरात्री मेणबत्त्या घेऊन चर्चभोवती प्रदक्षिणा. 'ख्रिस्त उठला आहे' ही घोषणा यूपिक, स्लाव्होनिक आणि इंग्रजी अशा तीन भाषांत. मग कुलिच नावाचा गोड पाव, सुकवलेला सामन आणि अकुतक. अकुतक म्हणजे कालवलेलं: फेटलेली चरबी, साखर आणि टुंड्रातली बेरी. पूर्वी प्राण्यांची चरबी असायची, आता बहुतेकदा डब्यातलं वनस्पती तूप. हो, आपल्या डालडाचंच भावंडं. नाक मुरडू नका, मी दोनदा घेतलं.

पण मला खरं हलवलं ते गाण्यानं. शेजारच्या आजींची पिढी शाळेत यूपिक बोलली म्हणून शिक्षा खाल्लेली. चर्चमध्ये मात्र तीच भाषा गायली जायची. आज नातवंडं आजीला इंग्रजीत उत्तर देतात. आणि मी कोण, तर शाळेतली इंग्रजीची टीचर! वर्गात 'येस', 'नो'पलीकडे न जाणारा माझा एक विद्यार्थी त्या रात्री आजीशेजारी उभा राहून अख्खी प्रार्थना यूपिकमध्ये गात होता. पाठ, न अडखळता.

त्याच वर्षी जूनमध्ये क्वेथलुक गावच्या ओल्गा मायकेल या यूपिक सुईणीला ऑर्थोडॉक्स चर्चनं समारंभपूर्वक संत म्हणून मान दिला. म्हणजे पोरांना भिंतीवर आता आपल्यातलाच चेहरा दिसणार. मग शाळेच्या फळ्यावर आपली भाषा का दिसू नये?

सुट्टीनंतर मी मुलांना होमवर्क दिला: आजीकडून अकुतकची कृती यूपिकमध्ये लिहून आणा, इंग्रजी आपण नंतर करू. वह्या भरून आल्या. मापं मात्र एकीतही नव्हती. विचारलं, तर मुलगा म्हणाला, "आजी म्हणते, हाताला कळतं."

जगातल्या सगळ्या आज्या एकाच कॉलेजात शिकल्यात की काय?