न दुखणारी गाठ आणि तंजावरचा धडा

तंजावर म्हटले की मराठी माणसाला व्यंकोजीराजे आठवतात, सरफोजीराजांचा सरस्वती महाल आठवतो, बृहदीश्वराच्या देवळातला लांबलचक मराठी शिलालेख आठवतो. रेल्वे कामगाराने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नागपट्टणमहून तंजावरपर्यंत आगगाडी १८६१ सालीच धावू लागली होती आणि आज हे स्टेशन दक्षिण रेल्वेच्या तिरुचिरापल्ली विभागात मोडते. या अंकात मात्र आम्ही तंजावरचे नाव वेगळ्या कारणाने घेत आहोत. विषय आहे स्त्रियांच्या स्तनाच्या कॅन्सरचा. आपल्या वसाहतींत तो दबक्या आवाजात बोलला जातो, म्हणून येथे मोकळेपणाने लिहीत आहोत.

सन २००७ मध्ये तामिळनाडू सरकारने स्त्रियांमधील गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी प्रथम दोन जिल्ह्यांत करून पाहिली. त्यातला एक तेनी, दुसरा तंजावर. बड्या शहरातील बड्या इस्पितळाची वाट न पाहता खेड्यातील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नर्सला शिकवले आणि तिशी ओलांडलेल्या बायांना तेथेच तपासले. हा प्रयोग चालतो असे दिसल्यावर २०१२ पासून तो राज्यभर नेला आणि त्यात रक्तदाब व मधुमेहाबरोबर स्तनाची तपासणीही घातली. याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांना विचारले गेले की, तुमच्या स्तनाची तपासणी कधी झाली आहे काय? सबंध देशात शंभरातील एक स्त्रीसुद्धा पुरती हो म्हणाली नाही. तामिळनाडूत पाच-सहा जणी म्हणाल्या. पाच-सहा म्हणजे फार झाले असे आम्ही म्हणणार नाही, पण देशाच्या मानाने ते सहापट आहे, आणि ते साध्या सरकारी नर्सच्या हातून झाले आहे.

या प्रांताची ही परंपरा जुनी आहे. सरफोजीराजांच्या काळातील डोळ्यांच्या रोग्यांचे कागद सरस्वती महालात आहेत. कोणाला काय दुखणे, काय उपाय केला, पुढे काय झाले, हे डोळ्यांच्या चित्रांसह लिहून ठेवलेले. तंजावरच्या शेजारच्या पुदुकोट्टै संस्थानात १८८६ साली जन्मलेल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची बहीण कॅन्सरने गेली. त्या दुःखातून त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि १९५४ साली मद्रासच्या अड्यार भागात कॅन्सर इन्स्टिट्यूट उभी राहिली. सुरुवात फक्त बारा खाटांनी झाली होती. डॉ. व्ही. शांता यांनी २०२१ साली मृत्यू येईपर्यंत सारे आयुष्य तेथेच काढले.

आता रोगाविषयी. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर झाला व सुमारे ९८ हजार दगावल्या, असा जागतिक अंदाज आहे. हे वाचून घाबरण्यापेक्षा पुढचे आकडे नीट वाचावेत. देशातील अकरा कॅन्सर नोंदणी केंद्रांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. गाठ स्तनापुरतीच असताना सापडली तर शंभरपैकी ८१ स्त्रिया पाच वर्षांनंतर जिवंत असतात. काखेपर्यंत पोहोचल्यावर सापडली तर ६५. हाडे, फुप्फुसे, यकृत असा दूरवर पसरल्यावर सापडली तर केवळ १८. रोग तोच, देश तोच, बहुतेक औषधेही तीच. ८१ आणि १८ यांच्यामधले अंतर बरेचसे वेळेचे आहे.

मग बाई वेळ का घालवते? पहिले कारण असे की गाठ बहुधा दुखत नाही. आमच्या बायका दुखल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाहीत, आणि दुखले तरी आधी घरातल्यांचे डबे, मग मुलांची परीक्षा, मग नणंदेचे लग्न. दुसरे कारण लाज. पुरुष डॉक्टरसमोर कसे सांगायचे? तिसरे कारण, सुरी लागली की कॅन्सर पसरतो ही समजूत. ती खोटी आहे. गाठीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय ती साधी की कॅन्सरची हे ठरतच नाही, आणि बहुतेक गाठी साध्याच निघतात. स्तनात किंवा काखेत न दुखणारी गाठ, कातडी आत ओढली जाणे किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, बोंड आत वळणे, त्यातून रक्त येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जावे. कचित् पुरुषालाही हा रोग होतो, तेव्हा बंधूंनीही हा परिच्छेद सोडून देऊ नये.

चौथे कारण सर्वात मोठे. तिला कोणी विचारतच नाही. या संदर्भात आपल्या मुंबईतील कामाची माहिती प्रत्येक शाखेला असायला हवी. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांवर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, चार वेळा, स्तनाची हाताने तपासणी झाली. तपासणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवड्यांचे शिक्षण घेतलेल्या स्त्रिया. यंत्र नाही, मॅमोग्राफी नाही, नुसते शिकलेले हात. वीस वर्षे पाठपुरावा करून २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या वस्त्यांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यू तसे घटलेले दिसले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. कामगारांसमोर अर्धा आकडा ठेवणे आम्हास मान्य नाही. मॅट्रिक झालेल्या माणसाला मात्र या कामाचा अभिमान वाटल्यावाचून राहत नाही.

काही अधिकारी म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, पत्रके वाटा, बायका घरीच स्वतःला तपासतील. त्यांच्यासाठी शांघायचा दाखला. तेथील ५१९ कापड कारखान्यांतील २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांवर १९८९ पासून अशीच चाचणी झाली. अर्ध्या जणींना स्वतःची तपासणी कशी करावी हे शिकवले, पुन्हा पुन्हा आठवण दिली. २००२ साली निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत मृत्यू सारखेच होते. आपले शरीर ओळखावे, बदल दिसताच सांगावे, हे खरेच. पण शिकलेल्या हाताचे काम पत्रक करीत नाही, आणि व्यवस्थापनाला पत्रकावर सुटू देऊ नये.

म्हणून आमचे म्हणणे असे. रेल्वेत गाडी चालवणाऱ्याचे डोळे ठराविक काळाने तपासतात, कारण त्यात गाडीची सुरक्षा आहे. त्याच दवाखान्यांत आठवड्याचा एक दिवस ठरवून शिकलेल्या नर्सकडून तीस वर्षांवरील महिला कर्मचारी व कामगारांच्या पत्नी यांची तपासणी व्हावी. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी सांगितलेलीच आहे, तेव्हा आपण काही आकाशातला चंद्र मागत नाही. महिला कर्मचाऱ्याचा तो वेळ ड्युटीत धरला जावा. नवऱ्याच्या मृत्यूनंतर अनुकंपा तत्त्वावर लागलेल्या कितीतरी भगिनी रुळांवर आणि डेपोत काम करतात. घरी मिळवणारी तीच एकटी. तिचा एक दिवसाचा पगार कापला तर ती येणार नाही. टपाल खात्यात तर ग्रामीण डाक सेवक भगिनींना सीजीएचएसचे छत्रसुद्धा नाही. दारोदार मनीऑर्डर पोहोचवणारीने आपली गाठ कोठे दाखवावी, याचे उत्तर खात्याने द्यायचे आहे.

तपासणीत काही आढळले तर खरे काम तेथून पुढे सुरू होते. पुढच्या तपासणीची चिठ्ठी घेऊन बाई घरी गेली आणि परत आलीच नाही, तर पहिली तपासणी वाया जाते. या कामात सर्वात उपयोगी पडते ती या दुखण्यातून उठलेली बाई. न्यूयॉर्कच्या टेरीस लॅसर यांनी स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर १९५२ साली इतर रुग्ण स्त्रियांना खाटेपाशी जाऊन भेटायला सुरुवात केली. हाताचा व्यायाम कसा करावा, कपडे कसे घालावेत, नवऱ्याशी कसे बोलावे, हे डॉक्टरला सांगता येत नाही ते त्या सांगत. आपल्या वसाहतींतही अशा भगिनी आहेत, पदराआड गप्प. त्यांच्यावर बोलण्याची सक्ती कोणी करू नये. ज्या बोलायला तयार असतील त्यांना शाखेने बरोबर घेऊन घरोघर जावे. शेजारची बाई आठ वर्षांपूर्वीच्या ऑपरेशननंतर धडधाकट समोर उभी दिसली की दारातली बाई चिठ्ठी घेऊन निघते.

बरी झालेली भगिनी कामावर परतते तेव्हा शाखा सचिवाने तिची ड्युटी पाहिली पाहिजे. काखेतील गाठी काढल्यानंतर काहींचा हात सुजतो आणि जड ओझे उचलल्याने त्रास वाढू शकतो. आरएमएसच्या बॅगा किंवा पार्सलचे गठ्ठे तिच्या वाट्याला देऊन ‘जमत नसेल तर घरी बसा’ असे सांगणारे सुपरवायझर आम्ही पाहिले आहेत. रेल्वेत मेडिकल डी-कॅटेगराइज झालेल्या कर्मचाऱ्याला त्याच वेतनश्रेणीत पर्यायी काम देण्याची तरतूद आहे, आणि हलकी ड्युटी मागणे ही भीक नव्हे. असे प्रकरण असेल तर अर्ज, डॉक्टरचा दाखला आणि सध्याच्या ड्युटीचा तपशील घेऊन शाखा सचिवाने थेट विभागीय कार्यालयात यावे.

उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर व एसी थ्री-टिअर वर्गात भाडे पूर्ण माफ आहे आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे. इस्पितळाचा ठराविक नमुन्यातील दाखला लागतो. तिकीट खिडकीवर बसणाऱ्या आमच्या बंधू-भगिनींनी हा नमुना समोरच लावून ठेवावा. दुरून आलेल्या माणसाला पुन्हा हेलपाटा घालायला लावू नये.