स्पीकर ऐकणारे आणि गाणं ऐकणारे

आमच्या कॅन्टीनमध्ये दोन पक्ष आहेत. पहिला ऑडिओफाइल पक्ष. ही मंडळी एका हेडफोनसाठी चार महिने वडापाव सोडतात आणि एमपी-थ्रीचं नाव काढलं की नाक मुरडतात. दुसरा पक्ष संगीतप्रेमींचा. रिक्षातल्या फुटक्या स्पीकरवर किशोरकुमार लागला तरी यांची मान डोलायला लागते. मी जन्मजात दुसऱ्या पक्षातला. कारण आमच्या घरी संगीत आलं ते विरार लोकलमधून!

बाबा सकाळच्या चर्चगेट फास्टच्या भजनी मंडळात होते. विरारला गाडी सुटली की टाळ बाहेर निघायचे, ढोलकी कुणाच्या तरी मांडीवर यायची आणि ती नसेल त्या दिवशी डब्याचा पत्रा होताच. अशा घरातल्या मुलाला ‘साऊंड क्वालिटी’चं काय कौतुक असणार?

त्यात एका मित्राने वसईला त्याच्या काकांकडे नेलं. काका म्हणजे पक्के ऑडिओफाइल. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, माझ्या खांद्याला लागतील एवढे स्पीकर आणि खोलीत एकच खुर्ची, तीही मोजून मापून ठेवलेली. काका म्हणाले, “ऐक, ही झांज उजव्या स्पीकरच्या कशी मागून येते बघ!” खरंच येत होती. मी विचारलं, “काका, गातंय कोण?” काका जरा थांबले. मग म्हणाले, “अरे, ती डेमो डिस्क आहे!”

आम्ही पुढे आठवडाभर यावर हसलो. माझं मत पक्कं झालं, की हे लोक गाण्याने स्पीकर तपासतात, गाणं ऐकतच नाहीत.

माझ्याकडे हुकमाचा एक्काही होता. पंडित भीमसेन जोशी! लहानपणी गदगला त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतल्या ठुमरीची रेकॉर्ड ऐकली. ७८ आरपीएमची तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, वर सुईची खरखर. पण त्या खरखरीपलीकडून आलेल्या सुराने मुलगा असा झपाटला, की १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घरातून पळाला. पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे कुंदगोळला शिकला. आता सांगा, त्या फोनोच्या कर्ण्याचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स कुणी विचारला होता का? कॅन्टीनमध्ये मी हे सांगितलं की समोरचा पक्ष गप्प!

मग एक दिवस माझीच बोलती बंद झाली.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या. सर्वसामान्यांना, तेही दोन डोस झालेल्यांना, वेळेच्या बंधनाशिवाय परत प्रवेश मिळाला तो १५ ऑगस्ट २०२१ पासून. तोवर मंडळातले दोघं रिटायर झाले होते, एक गावी गेला होता आणि ढोलकीवाल्या काकांचं घरूनच काम सुरू झालं होतं. मंडळ मोडलं. कुणी मोडलं नाही, पण मोडलं. उरलं काय? २०१९ च्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, डब्याला झेंडूची तोरणं बांधली होती तेव्हा, मी बाबांच्या जुन्या फोनवर केलेलं सहा मिनिटांचं एक रेकॉर्डिंग.

सेकंड इयरला सिग्नल प्रोसेसिंग शिकल्यावर मला जोर आला. म्हटलं, गाडीची खडखड काढून बाबांना स्वच्छ अभंग ऐकवू. फाईल उघडली आणि बघतो तर एएमआर! म्हणजे सेकंदाला ८,००० नमुने. सीडीवर असतात ४४,१००. नायक्विस्टसाहेबांच्या हिशेबाने ८,००० नमुन्यांत ४,००० हर्ट्झच्या वरचं काहीच बसत नाही आणि हा फोनवर बोलण्यासाठी केलेला फॉर्मॅट तर ३,४०० च्या आसपासच हात टेकतो. टाळांची खरी किणकिण त्याच्या वर. ती फाईलमध्ये नव्हतीच! खडखड काढायला गेलो तर तिच्याबरोबर आवाजही जायला लागले.

शेवटी नाक मुठीत धरून वसईच्या काकांकडे गेलो. बाबाही आले. काकांनी फाईल लावली, डोळे मिटले. मला वाटलं आता हसणार. दोन मिनिटांनी म्हणाले, “इथे गाडीचा आवाज पोकळ झाला... मग भरीव... आता परत पोकळ. हा खाडीचा पूल ना? मधे पाणजू बेट!” बाबा ताडकन उठून बसले. “बरोबर! नायगाव सुटलं की आम्ही लय वाढवायचो. पुलावर आवाज ऐकू येत नाही ना, म्हणून सगळे ओरडून गायचे!” मग बाबा एकेक आवाज ओळखायला लागले. हा नालासोपाऱ्याला चढायचा, हा दारातच उभा राहायचा. सहा मिनिटांची फाईल आम्ही दीड तास ऐकली. मी ती शंभरदा ऐकली होती, पण पूल मला एकदाही ऐकू आला नव्हता.

मित्रहो, तेव्हापासून माझा पक्ष थोडा बदललाय. ऐकताना मी अजूनही संगीतप्रेमीच आहे. भीमसेनजींना खरखर आड आली नाही, आपल्याला महागड्या केबलवाचून काय अडणार? पण रेकॉर्ड करताना ऑडिओफाइल व्हा. पूर्ण ऑडिओफाइल! स्पीकर उद्या बदलता येतो. जे रेकॉर्डच झालं नाही ते मात्र लाखाचा अँप्लिफायरही परत देऊ शकत नाही. त्या रेकॉर्डवर खरखर होती, पण खाँसाहेबांचा सूरही होता. माझ्या फाईलमध्ये टाळ नाहीत.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढंच करा. फोनच्या रेकॉर्डरचं सेटिंग उघडा, असेल तर सगळ्यात वरची क्वालिटी निवडा, पंखा बंद करा आणि फोन हातभर अंतरावर ठेवून आजीला ओवी म्हणायला सांगा. अर्नाळ्याची कोळीगीतं असोत की सामवेदी लग्नातली गाणी, आपल्या वसई-विरारमध्ये ती पाठ असलेली माणसं अजून आहेत. त्यांच्यासाठी चार महिने वडापावही सोडावा लागत नाही!