तारांचा हिशेब

उन्हाळ्याच्या सुट्टीत दूर मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातील कटंगीला मामांकडे गेलो होतो. त्यांच्या जुन्या पिकअपला नवे कॉमन रेल इंजिन बसवीत होते. इंजिन दोन दिवसांत बसले. वायरिंगला मात्र नऊ दिवस लागले. "तारा जोडायचे एवढे पैसे?" मामा कुरकुरले. माझे मत निराळे आहे.

जुन्या डिझेल इंजिनाला स्टार्टर, आल्टरनेटर, ग्लो प्लग अशा मोजक्याच तारा पुरत. नव्या इंजिनाला छोटा संगणक असतो. क्रँक, रेलमधील दाब, पेडल यांचे सेन्सर त्याला खबर देतात. अर्थिंग सैल राहिले की खबरच खोटी! म्हणून मिस्त्रींनी नव्या इंजिनाचे वायरिंग न कापता अख्खे ठेवले, बॅटरी व चावीचा पुरवठा स्वतंत्र फ्यूजमधून दिला आणि प्रत्येक तार वहीत नोंदवली.

आम्ही वाणिज्याचे विद्यार्थी जमा-नावे शिकतो. तारेतून गेलेला प्रवाहही परत यावाच लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सुद्धा अशा बदलाला परवानगी आणि नोंद मागते. मग नोंद ठेवणाऱ्या कारागिराच्याच मजुरीत घासाघीस का? फ्यूज गाळून वाचवलेले पैसे एका ठिणगीत गाडीसकट जातात. वाचकहो, ही काटकसर नव्हे, उधारीच आहे!