बोका नेहमीच वैरी नसतो

पिल्लांजवळ बोका दिसला की तो त्यांना मारील, या धास्तीने लोक काठी उगारतात. तसे घडतेही, पण दरवेळी नाही. भटक्या मांजरांमध्ये एखादा बोका पिल्लांना चाटतो, आपल्याआधी खाऊ देतो, असेही दिसते. एका वेतातील पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. तेव्हा याला पितृप्रेम म्हणण्याची घाई नको. पण बोक्याला हाकलणे किंवा पिल्ले उचलणे त्याहून वाईट. बिथरलेले मांजर माणसालाच चावते, आणि रेबीज मांजरापासूनही होतो. ओरखडा उठला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बोक्यासाठी काठी नको. नसबंदी आणि लस हवी.