चार डिस्का आणि आजोबांचा दाखला



मागच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर पोरांनी विषय काढला. घरोघरचे जुने शाळेचे दाखले, जन्ममृत्यूचे उतारे, धम्मदीक्षेचे फोटो स्कॅन करून एका जागी ठेवायचे. जात पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा काढताना काय हाल होतात, ते फेऱ्या मारणाऱ्यालाच ठाऊक. समिती मूळ कागदच मागते. पण तो हरवला तरी स्कॅनवरून रजिस्टर नंबर कळतो आणि शाळेतून नक्कल काढता येते.

चार हार्ड डिस्कांची पेटी घ्यायचे ठरले. जयंतीच्या डीजेपुढे हा खर्च किरकोळ. वाद झाला तो डिस्का कशा जोडायच्या यावर.

या जोडणीला 'रेड' म्हणतात. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातील तिघांनी १९८८ साली ती मांडली. 'रेड-०' मध्ये माहितीचे तुकडे चारही डिस्कांवर वाटले जातात. एक डिस्क गेली की सगळेच गेले. त्याचे नाव काढू नका.

'रेड-५' माझ्यासारख्या कारकुनाला चटकन कळते. वहीत तीन रकमा आहेत, ७, ५ आणि ३. बेरीज १५. मधला आकडा उंदराने खाल्ला तरी १५ मधून ७ आणि ३ वजा केले की ५ परत मिळतात. यंत्र असाच हिशेब ठेवते, त्यासाठी एका डिस्कइतकी जागा जाते. पण दोन आकडे गेले तर बेरीज काय करणार? बिघडलेली डिस्क बदलली की नवी भरेपर्यंत बाकीच्या तिन्ही तासन् तास राबतात. त्याही एकाच दिवशी घेतलेल्या, सोलापूरच्या एकाच उन्हाळ्यात तापलेल्या. दुसरी बसायची ती नेमकी तेव्हाच.

'रेड-६' मध्ये दोन निराळे हिशेब असतात. कुठल्याही दोन डिस्का गेल्या तरी माहिती राहते. 'रेड-१०' म्हणजे जोडीजोडीने कार्बन कॉपी. एक गेल्यावर तिचीच जोडीदार गेली तर नुकसान, म्हणजे उरलेल्या तिनांत एक धोक्याची. दोन्हींत जागा निम्मीच मिळते. 'रेड-१०' वेगवान खरी, पण आपल्याला घाई कसली? मी 'रेड-६' ला मत दिले.

तेवढ्यात मागून एक ताई म्हणाल्या, "दादा, पेटीच चोरीला गेली तर?"

सगळे गप्प. प्रश्न बरोबर होता. 'रेड' फक्त डिस्क बिघडण्यापासून वाचवते. चुकून पुसलेली फाईल ती चारही डिस्कांवरून इमानाने पुसते. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा कपाटातल्या फायली कपाटातच जळाल्या. आधी स्कॅन करून ठेवलेल्या तेवढ्या परत मिळाल्या.

म्हणून पेटीशिवाय दोन सुट्या डिस्का घेतोय. एक दुसऱ्या वस्तीतल्या कार्यकर्त्याकडे राहील, दुसरी पुण्याला नोकरी करणाऱ्या आपल्या एका मुलाकडे. दर महिन्याला आलटूनपालटून भरायच्या, आणि भरल्यावर दहा-वीस कागद उघडून बघायचे.

येत्या रविवारपासून वंदनेनंतर स्कॅनिंग सुरू. कागद प्लास्टिकच्या पिशवीत आणा. कृपा करून लॅमिनेशन करू नका, आणि घडीवर फाटला असेल तर चिकटपट्टी लावू नका. तसाच आणा.