नापास कोण, मूल की शाळा?

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले आणि गोणपाटावर वेगळे बसून शिकले. त्याच साताऱ्यात, शेजारच्या सांगलीत आज मुलांना मागे ठेवण्याचा अधिकार शाळांना परत मिळाला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ ची मनाई २०१९ च्या दुरुस्तीने सैल झाली. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणली.

परीक्षाच नको, असे आम्ही म्हणत नाही. तपासल्याशिवाय वस्तीशाळेत काय शिकवतात ते कळणार कसे? पण दिवाळीनंतर बीडहून ऊसतोड टोळीबरोबर कराड-वाळव्याच्या फडात आलेल्या पोराचे निम्मे वर्ष उसातच जाते. त्याला आणि शिकवणी लावलेल्या मुलाला कसोटी मात्र एकच! कायदा म्हणतो, जादा शिकवा, दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्या. तेव्हा शाळेला सुट्टी. मग शिकवणार कोण? मूल नापास ठरते, शाळेला कोणी जाब विचारत नाही.

बंधूभगिनींनो, जूनमध्ये माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लावा आणि विचारा : आपल्या शाळेत किती मुले मागे ठेवली, त्यात आपली किती, आणि त्यांच्यासाठी जादा तास किती दिवस घेतले?