रुळायचं कुणी? कुत्र्यानं की आपण?

"आणलं होतं हो, पण रुळलंच नाही. दिलं सोडून!" हे वाक्य अलीकडे इतक्यांदा कानावर आलंय, की आता गप्प बसवत नाही. नातेवाइकांपैकी कुणाला हा लेख आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटलं, तर त्यांनी खुशाल तसं समजावं.

ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयात काय झालं ते आपण वाचलंच असेल. ११ तारखेचा आदेश होता, सगळी उचला आणि निवाऱ्यात ठेवा. २२ तारखेला तो बदलला. नसबंदी आणि लस करून कुत्री होती तिथेच सोडायची, पिसाळलेली आणि आक्रमक मात्र सोडायची नाहीत, असं ठरलं. त्यावर आमच्या जालन्यातही कट्ट्याकट्ट्यांवर दोन पक्ष पडले. पण माझ्या मते खरी मेख त्याच आदेशातल्या आणखी एका वाक्यात आहे. प्राणिप्रेमींनी कुत्रं दत्तक जरूर घ्यावं, पण ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची!

आता "रुळलं नाही" म्हणणाऱ्यांना विचारा, किती दिवस ठेवलं होतं? उत्तर येतं, आठवडाभर.

मंडळी, मी छत्तीस वर्षं मास्तरकी केली. जूनमध्ये पहिलीच्या दाराला धरून रडणारी पोरं दरवर्षी पाहिली. काही तर दिवाळीपर्यंत एक अक्षर बोलत नसत. म्हणून आठव्या दिवशी कुणाच्या हातात दाखला दिला नाही आम्ही!

आमच्या घरी मागच्या हिवाळ्यात अंबड रस्त्यावरची एक कुत्री आली. नातीनं नाव ठेवलं चिंगी. पहिले तीन दिवस ती बाजेखालून बाहेर आली नाही. दिवे मालवल्यावर गुपचूप भाकरी खायची. सौभाग्यवतींनी केरसुणी हातात घेतली, की जागेवरच लघवी करायची. तिनं आधी काय भोगलं होतं हे कुणी सांगायची गरज उरली नाही. एका सद्गृहस्थांनी सल्ला दिला, "दोन फटके द्या, सुधारेल." फटके खाऊनच तर ती तशी झाली होती!

आम्ही विशेष काही केलं नाही. एक कोपरा, एक पोतं, एक ताटली तिची. जेवण रोज ठरल्या वेळी. बाजेखालून कुणी ओढून काढायचं नाही, डोळ्यांत रोखून बघायचं नाही. मी तिच्याकडे पाठ करून पेपर वाचत बसायचो. तिसऱ्या आठवड्यात ती आपण होऊन पायाशी येऊन बसली. दूधवाल्यावर भुंकायला मात्र तिसरा महिना उजाडला. जाणकारही ढोबळमानाने हाच हिशेब सांगतात. भीती ओसरायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे आणि घर आपलं वाटायला तीन महिने.

दुसरी जात साखळीवाल्यांची. "घराला राखण पाहिजे" म्हणून आणायचं आणि पत्र्याच्या फाटकाशी दोन हात साखळीनं बांधायचं. आपल्याकडचा मे महिना आठवा, पत्र्याला हात लावून पाहा! जनावराला फार वेळ आखूड साखळीनं बांधून ठेवणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. उपाशी मरेल असं वाऱ्यावर सोडणं हाही गुन्हाच. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये. चहापाण्याला याहून जास्त लागतात.

आणि सोडून दिल्यावर काय होतं? दुसऱ्या गल्लीतली टोळी त्याला फाडते. मादी असेल आणि नसबंदी केलेली नसेल, तर गाभण राहिल्यावर दोनेक महिन्यांत पिल्लं रस्त्यावर. मग हेच गृहस्थ नगरसेवकाकडे तक्रार घेऊन जातात, की भटकी कुत्री फार वाढली!

चावण्याची भीती खोटी नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली, की माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणूनच पिल्लू तीन महिन्यांचं झालं की लस आणि मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवून तडक दवाखाना. हळद-चुना नको! ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी कुत्रं आणू नये. त्यात कमीपणा काहीच नाही.

दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री, खंडोबाच्या संगतीला कुत्रं. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर आपल्या मराठवाड्यातल्या नरसीचे. ती गोष्ट मी वर्गात किती वेळा सांगितली असेल! मुलं दरवेळी हसायची. आता वाटतं, मोठ्यांनीही ती हसण्यावारीच नेली.

असो. ज्यांना आणायचंय त्यांनी आधी कॅलेंडरवर तीन महिने मोजावेत, आणि फटाक्यांच्या आठवड्यात तर मुळीच आणू नये.